रेघ तीच, हिशेब वेगळा

बडोद्याच्या सयाजीगंजात काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की चित्रकलेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा पसारा पायी फिरून पाहता येतो. एका अंगाला सयाजीबाग, म्हणजे जुन्या बडोदेकरांची कमाटीबाग, आणि तिच्यातलं १८९४चं म्युझियम. दुसऱ्या अंगाला विद्यापीठ आणि १९५० साली सुरू झालेली फाइन आर्ट्सची विद्याशाखा. मधल्या रस्त्यांना वरच्या मजल्यांवर ग्राफिक्स-अ‍ॅनिमेशनच्या क्लासच्या पाट्या, खाली फ्लेक्स आणि झेरॉक्सची दुकानं. इथे फिरणाऱ्या विद्यार्थ्याच्या काखेत कार्ट्रिज पेपरची गुंडाळी असते आणि पाठीवरच्या सॅकमध्ये टॅब्लेट. दोन्ही एकाच पोराकडे. तरीही विषय निघाला की चर्चा हटकून त्याच रुळावर जाते: पेन्सिल बरी की पडदा? हाताची कला संपली का?

या वादात गेल्या तीसेक वर्षांत बरीच तोंडपाटीलकी झाली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हाताचं काय ते हात बघून घेतो. मुळात चित्र येणारा माणूस काही महिन्यांत नव्या साधनाला सरावतो. विस्कटलाय तो चित्राचा हिशेब. दुरुस्त्या किती मागायच्या, मूळ चित्र कोणाकडे राहायचं, पैसे नेमके कशाचे मोजायचे, नाव छापायचं की नाही, याच्या काही रीती कागदाच्या काळात पडून गेल्या होत्या. त्या फार न्याय्य होत्या असं नाही, पण होत्या. पडद्यावर आल्याबरोबर त्या मोडल्या आणि नव्या अजून बसलेल्या नाहीत.

साधन बदलणं बडोद्याला नवीन नाही. चित्रं परदेशी पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्यावेत, म्हणजे ती घरोघरी जातील, असं राजा रविवर्म्याला सुचवणारे सर टी. माधवराव हे १८७५ ते १८८२ या काळातले बडोद्याचे दिवाण. रविवर्म्याने पुढे १८९४ साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. या छपाईत एका चित्राच्या प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. साडीचा लाल एका दगडावर, पाण्याचा निळा दुसऱ्यावर, गालावरची छाया तिसऱ्यावर. सगळे छाप एकावर एक अचूक बसले तरच चित्र. आज मुलं ज्याला लेयर म्हणतात त्यामागची कल्पना हीच. त्या दगडांवर चित्र उतरवणारे कारागीर मात्र वेगळे असत आणि त्यांची नावं चित्राखाली येत नसत. हिशेबाची गोष्ट तेव्हापासूनची आहे.

सयाजीरावांनी १८९० साली काढलेलं कलाभवन तर हात आणि यंत्र यांची सांगड घालण्यासाठीच होतं. प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. मुंबईच्या जे.जे.मधून चित्रकला शिकून आलेले धुंडिराज गोविंद फाळके इथे तैलरंग आणि जलरंग शिकले, छायाचित्रणाच्या नादी लागले. गज्जरांनी त्यांना तिरंगी ब्लॉक आणि फोटोलिथोचं काम शिकायला रतलामला पाठवलं. पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छपाईचा धंदा, मग सिनेमा. चित्रकाराने रसायनं आणि कॅमेरा हाताळावा यात कलाभवनाला काही वावगं वाटत नव्हतं. तो अभ्यासक्रमच होता. आज त्या कलाभवनाची विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाली आहे आणि चित्रकला सयाजीगंजाच्या बाजूला गेली आहे. दोघींच्या इमारती वेगळ्या झाल्या हे मला फारसं रुचलेलं नाही, पण तो वेगळा विषय.

मराठी वाचकाच्या मनातला चित्रकार बहुतेकदा मासिकाचा आणि मुखपृष्ठाचा. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, तो अंक म्हणजे संपादकाच्या खुर्चीत बसलेला चित्रकार. त्या काळच्या कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या सॉफ्टवेअरमधली अर्धी बटणं तिथूनच आलेली आहेत.

कथा हातात पडली की आधी रफ, पातळ कागदावर, मऊ पेन्सिलीने. संपादकाने मान हलवली की आयव्हरी बोर्डवर किंवा कार्ट्रिजवर फायनल: फिकी पेन्सिल, वर शाई, शाई पुरती वाळल्यावर खोडरबर. घाई केली की काळा फराटा. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट-दुप्पट काढायचं, कारण ब्लॉकमेकरच्या कॅमेऱ्यात ते लहान होताना रेघ घट्ट बसते आणि हाताची बारीक थरथर झाकली जाते. लाइन ब्लॉकला फक्त काळं आणि पांढरं कळतं. करडं हवं असेल तर रेघांची जाळी विणायची, ठिपके टाकायचे, नाहीतर कोरड्या ब्रशने खरखरीत फटकारे मारायचे. चुकलं तर पांढरा पोस्टर कलर. फारच चुकलं तर तेवढा तुकडा कापून वर दुसरा कागद डकवायचा. कॅमेऱ्याला ठिगळ दिसत नसे. वसंत सरवट्यांची किंवा शि. द. फडणीसांची मूळ चित्रं पाहताना कळतं की छापील रेघ ही हाताच्या रेघेची सुधारलेली आवृत्ती असते. मूळ चित्रात हात जास्त दिसतो.

मुळगावकरांचं उदाहरण या वादात कोणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं. त्यांच्या देवादिकांच्या आणि नायिकांच्या गालांवरची ती मऊ झळाळी एअरब्रशची, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्राची. त्यात ब्रश कागदाला लागतच नाही. कडा राखायला कापलेले मास्क, मग फवारा, मास्क काढून दुसरा, पुन्हा फवारा. आज पडद्यावर ‘सॉफ्ट ब्रश’ आणि ‘मास्क’ वापरून जे केलं जातं ते हुबेहूब हेच. महाराष्ट्राने ती चित्रं कॅलेंडरांतून देवघरात नेली, चौकटीत घातली, उदबत्ती ओवाळली. यंत्राने काढलेलं चित्र आपल्याला चालत नाही, असं म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

संगणक शिरला तो अक्षरांच्या दारातून. १९८५ मध्ये पेजमेकर आलं, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९८९ मध्ये कोरलड्रॉ, १९९० मध्ये फोटोशॉप. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात गल्लोगल्ली डीटीपी सेंटर उघडली आणि पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी त्यांच्यावर पसरली. त्यात सगळ्यात आधी बळी गेला मुखपृष्ठावरच्या हाताने काढलेल्या अक्षरांचा. दलालांच्या मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव हा चित्राचाच भाग असे. अक्षरांची जाडी, कल, वेलांटीचा झोल चित्रातल्या आकृतींशी बोलत असे. डीटीपीनंतर चित्र एकाने काढायचं आणि नाव दुसऱ्याने, ऑपरेटरने, त्याच्याकडे असलेल्या वीस-पंचवीस फॉन्टांतून टाकायचं, अशी वाटणी झाली. नव्वदीच्या कितीतरी पुस्तकांवर चांगल्या चित्राच्या छातीवर बसलेलं शीर्षक दिसतं. गंमत अशी की ज्या माणसाने देवनागरी पडद्यावर बसवली तो बोरूचा माणूस होता. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार आणि कवी, आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन केंद्रातले शिक्षक. विंडोजबरोबर घरोघर गेलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. त्यांच्या हातात बोरू आणि संगणक यांचं भांडण नव्हतं. मुखपृष्ठांवर ते लागलं, कारण तिथे अक्षरांचे पैसे वाचत होते.

चित्राला खरं वळण मिळालं ते पेनमुळे. माउसने चित्र काढणं म्हणजे बोटं बांधून पोळी लाटणं. जपानच्या वॅकॉम कंपनीने १९८४ मध्ये बिनतारेचं पेन आणलं. त्यात बॅटरी नसते. टॅब्लेटच्या पाटीखालच्या तारांच्या जाळीतून हलकं विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडलं जातं, पेनातलं वेटोळं त्याला साद देतं आणि त्यावरून पेन कुठे आहे, किती दाबलंय हे पाटीला कळतं. आताच्या बऱ्याच पेनांच्या खोक्यांवर दाबाचे ८,१९२ टप्पे छापलेले असतात. एवढे टप्पे कोणाच्या मनगटाला कळतात देव जाणे. जाहिरातीला आकडा लागतो.

साध्या पाटीची पहिली अडचण वेगळीच. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर. पेन्सिलीने काढताना टोक आणि डोळा एकाच जागी असतात, इथे त्यांची फारकत होते. सुरुवातीला साधं वर्तुळसुद्धा मिटत नाही, दोन टोकं एकमेकांना चुकवून जातात. काही आठवड्यांनी अचानक जमायला लागतं आणि मग माणूस हाताकडे बघणंच विसरतो. वॅकॉमच्या सिंटिकने २००१ पासून पडद्यावरच काढायची सोय केली, पण तो पडदा बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचा होता. २०१५च्या अखेरीस आयपॅड प्रो आणि अ‍ॅपल पेन्सिल आली, सोबतीला टास्मानियातल्या एका छोट्या कंपनीचं, २०११ साली निघालेलं प्रोक्रिएट होतंच, आणि चित्रकार स्टुडिओतून सोफ्यावर आला. रेघ पेनाच्या मागे किती रेंगाळते यावर सगळा खेळ असतो; अ‍ॅपलने २०१९ मध्ये हा उशीर वीसवरून नऊ मिलिसेकंदांवर आणल्याचं जाहीर केलं. उशीर जितका कमी, तितकी मेंदूची तक्रार कमी.

तरी काच ती काचच. कार्ट्रिज पेपरला दात असतो, तो ग्रॅफाइट पकडतो, म्हणून पेन्सिल थोडी अडखळते आणि त्या अडखळण्यातून हाताला वेग समजतो. काचेवर पेन घसरतं. म्हणून लोक पडद्यावर खरखरीत फिल्म चिकटवतात. मग वर्षभरात पेनाचं टोक झिजून तिरकं होतं आणि टोकांची नवी पुडी मागवावी लागते. पेन्सिलीला टोक काढायचा कंटाळा म्हणून इकडे आलेल्यांना हा चांगला धडा आहे. घाम येणाऱ्या हाताला आणखी एक उपद्व्याप: करंगळी आणि अनामिका तेवढी झाकणारा दोन बोटांचा हातमोजा. बडोद्याच्या मे महिन्यात त्याची किंमत कळते.

रेघ सरळ करून देणाऱ्या सोयीबद्दल बोलायचं तर फाइन आर्ट्समधल्याच एका नावापाशी थांबावं लागतं. नसरीन मोहम्मदी १९७२ पासून १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे शिकवत होत्या. शाई, ग्रॅफाइट, सेटस्क्वेअर आणि आर्किटेक्टची आखणीची साधनं घेऊन त्यांनी कागदावर रेघा काढल्या, फक्त रेघा. समांतर, तिरप्या, कधी केसाइतक्या बारीक, ठरावीक अंतरावर गडद होत जाणाऱ्या. मज्जासंस्थेच्या आजाराने हातापायांवरचा ताबा सुटत गेला त्या वर्षांतही या रेघा ढळल्या नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मेट ब्रॉयर ही शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक नसरीनचं होतं. आज प्रोक्रिएटमध्ये ‘स्ट्रीमलाइन’ची पट्टी शेवटपर्यंत सरकवली की कुणाचीही थरथरती रेघ तारेसारखी ताणून मिळते. मग नसरीनने काय मिळवलं? माझ्या मते नसरीनच्या चित्रात रेघेचा सरळपणा हा मुद्दाच नाही. दोन रेघांमधलं अंतर कुठे वाढवायचं आणि कुठे रेघ सोडून द्यायची, हा आहे. ते ठरवणारी पट्टी अजून आलेली नाही. सरळ रेघ फुकट मिळाल्यावर तो प्रश्न उलट अधिक उघडा पडतो, आणि विद्यार्थ्यांच्या बऱ्याच डिजिटल कामांत त्याचं उत्तर नसतं.

पडद्याने लावलेली सगळ्यात वाईट सवय म्हणजे झूम. ब्लॉकच्या काळात मोठं काढून लहान छापत. आता डोळ्याची एक पापणी पडदाभर मोठी करून तिच्यावर अर्धा तास घालवतात आणि ती छापात टाचणीच्या टोकाएवढी येते. तपशील अमाप, आकृती ढिली. जुन्या चित्रकाराला कागद लांब धरून, डोळे बारीक करून पाहायची खोड असे. पडद्यावर तेच काम चित्र नखाएवढं लहान करून होतं, पण ते करायचं कोणी आठवणीने सांगावं लागतं. ए-४ पान छपाईला द्यायचं तर ३०० डीपीआयने २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. मुळात चित्रच कमी पिक्सेलचं सुरू केलं तर नंतर काही इलाज नाही, हे प्रत्येक जण एकदा तरी रडून शिकतो. रंगांचंही तसंच. पडदा प्रकाशातून रंग दाखवतो, छापखाना चार शायांतून. पडद्यावरचा झगझगीत भगवा आणि पोपटी छापात मलूल होतो. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरचे काही मळकट केशरी रंग पाहिले की कुणीतरी प्रूफ न पाहताच फाइल पाठवली, हे ओळखू येतं.

बडोद्यातल्या ज्येष्ठांनी संगणकाला पेन्सिलीची बदली म्हणून घेतलं नाही, हे त्यांच्या शहाणपणाचं लक्षण. गुलाममोहम्मद शेखांनी ‘मप्पामुंडी’ मालिकेत मध्ययुगीन युरोपीय नकाशा संगणकावर घेऊन त्यात कबीर, मजनू आणि जुन्या चित्रांतली पात्रं वसवली आणि हाताचं रंगकाम त्याच्याशी जोडलं. ज्योती भट्ट यांनी छापचित्रं आणि छायाचित्रणाबरोबर होलोग्राफी आणि संगणकही हाताळून पाहिला. इंग्लंडात डेव्हिड हॉकनीने सत्तरी ओलांडल्यावर आधी आयफोन आणि मग आयपॅडवर निसर्गचित्रं काढली आणि २०१२ मध्ये रॉयल अ‍ॅकॅडमीच्या भिंतींवर ती माणसाहून उंच छापून लावली. पण हे सगळे स्वतःच्या मर्जीचे धनी. संपादकाचा फोन येतो तो बोधचित्रं काढणाऱ्याला, आणि या आढाव्याचा विषय तो आहे.

तो फोन आता असा येतो: मुलीचे डोळे जरा मोठे करा; साडी निळी करून बघू; आजोबांना उजवीकडे सरकवा; नको, आधीचंच बरं होतं. कागदावर साडी निळी करायची म्हणजे चित्र पुन्हा काढायचं, हे संपादकालाही ठाऊक असे, म्हणून तो रफ बघतानाच काय ते बोलून घेई. आता दुरुस्ती ‘दोन मिनिटांचं काम’ झाली. ती दोन मिनिटं दहा वेळा होतात, रात्री अकराला होतात, आणि मानधन एकाच चित्राचं राहतं. ‘अनडू’ने चित्रकाराची भीती घालवली हे खरं आहे, धीट फटकारा मारायला लागलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. पण त्याच बटणाने गिऱ्हाइकाचाही संकोच घालवला. वेग वाढला त्याचा फायदा कोणाला झाला, हे पाहायचं तर गेल्या पंधरा वर्षांत एका मुखपृष्ठाचं मानधन किती वाढलं आणि मुदत किती आखडली हे कोणाही चित्रकाराला विचारावं. उत्तर देताना तो हसतो.

खर्चाची बाजूही उलटली. पेन्सिल, दांडेकरांच्या कॅम्लिनची शाई, दोन ब्रश आणि बोर्ड यांवर दलालांच्या पिढीने आयुष्य काढलं असतं. अडोबीने २०१३ मध्ये सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकणं थांबवून त्या फक्त भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि चित्रकाराच्या महिन्याच्या खर्चात दुधाच्या बिलासारखं एक कायमचं बिल आलं. प्रोक्रिएट एकदाच विकत घ्यावं लागतं, पण त्याला अ‍ॅपलचंच यंत्र हवं. क्रिता हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड टॅब्लेटवर चालतं आणि चित्राच्या कामाला कशात कमी नाही. तरी क्लासांच्या पाट्यांवर त्याचं नाव क्वचित दिसतं. भाड्याचं सॉफ्टवेअर शिकवलं की फी जास्त घेता येत असावी.

मूळ चित्राचं काय? छापखान्यात गेलेलं बोर्ड परत मागायची रीत फार जणांनी पाळली नाही, कितीतरी चित्रं रद्दीत गेली. पण जी राहिली त्यांची प्रदर्शनं भरतात, त्यांना किंमत येते, चित्रकाराच्या घरच्यांना त्याचा आधार होतो. डिजिटल चित्राला असं दुसरं आयुष्य नाही. फाइल राहील म्हणावं, तर फाइलही नेहमी राहत नाही. फ्रीहँड हे एकेकाळचं लाडकं सॉफ्टवेअर अडोबीने २००७ मध्ये बंद केलं आणि त्यात काढलेली कामं आज जशीच्या तशी उघडणं अवघड झालं आहे. नव्वदीतल्या मराठी फाइलींत युनिकोडआधीचे फॉन्ट आहेत. उघडल्या तर शीर्षकाच्या जागी खिचडी दिसते. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं ओल, धूर आणि दुर्लक्ष सोसून अजून भिंतीवर आहेत, त्यांना कोणतंही व्हर्जन लागत नाही.

कायदा मात्र चित्रकाराच्या बाजूने बराच आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने काढलेल्या बोधचित्राचा पहिला मालक सहसा तो स्वतः. कोणी पैसे देऊन काढून घेतलेलं रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र हा अपवाद आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही चित्र आपलं आहे हे सांगायचा आणि त्याची मोडतोड झाल्यास दाद मागायचा अधिकार शाबूत राहतो. कागदाच्या काळात एक बोधचित्र सहसा एकदाच छापलं जाई, त्यामुळे हे कलम फार कोणी काढून पाहिलं नाही. आज तेच चित्र पुस्तकात, ई-पुस्तकात, मगवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या शुभेच्छेत जातं. उघडपणे, नियम सांगून वाटलं तर त्याचं चांगलंही होतं: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून त्याच चित्रांची गोष्ट मराठीत, गुजरातीत आणि आणखी कितीतरी भाषांत वाचता येते, चित्रकाराच्या नावासकट. वाईट वाटतं ते नाव पुसून नेलेल्याचं.

२०२२ पासून आलेल्या चित्रं बनवणाऱ्या एआयला मी या मालिकेतलं पुढचं साधन मानत नाही. दगड, ब्लॉक, एअरब्रश, वॅकॉम या सगळ्यांना चित्र काढता येणारा माणूस लागत होता. इथे चित्र काढता न येणारा माणूस चालतो, आणि काढता येणाऱ्या लाखो जणांची चित्रं न विचारता शिकवणीला वापरलेली असतात. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये काही चित्रकारांनी यावरून दावा लावला. शिकागो विद्यापीठाने ग्लेझ आणि नाइटशेड ही चित्रांना अदृश्य कुंपण घालणारी साधनं काढली. प्रोक्रिएटने ऑगस्ट २०२४ मध्ये आपण हे तंत्र आपल्या अ‍ॅपमध्ये आणणार नाही असं जाहीर केलं, तर फोटोशॉपने ते आतच बसवून टाकलं. २०२५च्या मार्चमध्ये जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतली कौटुंबिक चित्रं आपल्याकडे घराघरांतून फिरली तेव्हा ती पाठवणाऱ्यांत चित्रकारांचे नातेवाईकही होते. सगळ्यात आधी झळ लागते ती खालच्या पायरीला: गणेशोत्सवाचा फ्लेक्स, शाळेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ, स्थानिक प्रकाशकाची बालकथा. नव्या चित्रकाराचा हात याच कामांवर बसतो आणि पहिलं भाडं याच कामांतून भरलं जातं.

शिक्षणाने काय करावं यावर मतं पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा अजून कागदावर होतात, आणि त्या तशाच राहाव्यात असं मला वाटतं. बडोद्यात चित्रकार-शिक्षक बेंद्र्यांच्या, म्हणजे १९५० ते १९६६च्या काळापासून फाइन आर्ट्सच्या मुलांना स्केचबुक घेऊन बाहेर पडायची सवय आहे. सयाजीगंजातल्याच रेल्वे स्टेशनावर हलत्या माणसाचं चित्र काढताना पेन्सिल काय की पेन काय, माणूस थांबत नाही. गाडीची घोषणा झाली की मॉडेल उठून जातं. तिथे झूम करायला वेळ नसतो. पडद्यावर ज्यांची आकृती ढिली पडते त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिकीटखिडकीसमोर काढाव्यात, बाकीचे उपाय महागडे आहेत.

पण फाइन आर्ट्समधून पास होऊन पोट भरायला बाहेर पडणाऱ्याला अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट जास्त लागते. काम घेतानाच एका ई-मेलमध्ये चार ओळी लिहून पाठवायच्या. रफनंतर दोन दुरुस्त्या मानधनात, पुढच्या प्रत्येकीचे वेगळे पैसे. चित्र कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या भाषेतल्या कोणत्या आवृत्तीसाठी दिलं. नाव कुठे छापायचं. आणि चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची: दिली जाईल ती सपाट फाइल, लेयर असलेली नाही. प्रकाशक हल्ली सहज बोलता बोलता ‘पीएसडी पण पाठवून द्या’ म्हणतात. ती दिली की आजी, मांजर, झाड, घर सगळं सुटं सुटं त्यांच्या हातात जातं, आणि पुढच्या वर्षी तीच आजी आणि तेच मांजर दुसऱ्याच गोष्टीत, दुसऱ्याच घरासमोर बसलेलं दिसतं. त्या गोष्टीचे पैसे कोणाला मिळालेले नसतात.